पोपटी लावा, पण विस्तव विझवून घरी जा

(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)



भात झोडून झालं, पेंढा रचून झाला, वालाच्या शेंगा भरू लागल्या आणि पहाटे गोधडी ओढून घ्यावीशी वाटू लागली, की घरोघर एक विषय निघतोच. "या रविवारी पोपटी लावायची का?" रायगडात तर पौष-माघात पोपटी नाही असा पाडा सापडायचा नाही. पण गोराई, मनोरी, उत्तन, आरेतले पाडे, मुलुंड-भांडुपच्या डोंगरपायथ्याच्या वाड्या, इथेही आता ही चाल चांगली रुळली आहे. घाटावर हुरड्याची आगटी, पालघरपासून पुढे गुजरातेत उंबाडियू, आपल्याकडे पोपटी. नावं वेगळी, पण उघड्यावर विस्तव करून त्यात भाजून खायचं, हे सगळीकडे सारखं. शहरातून येणारी मुलं लोखंडी जाळीची शेगडी घेऊन येतात आणि अंगणात कोंबडी भाजतात. तेही त्यातलंच.

आज मी पोपटीची चव सांगायला आलेलो नाही. ती तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मी बोलणार आहे तिच्या विस्तवाबद्दल. कारण आपल्याकडे या दिवसांत ज्या गंज्या जळतात, गवताच्या ज्या टेकड्या काळ्या पडतात, त्यांतल्या काही अशाच एखाद्या हौसेच्या विस्तवाने पेटलेल्या असतात. पेटवणारा तोवर घरी जाऊन झोपलेला असतो.

दुसऱ्याचं कशाला, आधी घरचंच सांगतो. मी तेव्हा सतरा-अठरा वर्षांचा होतो. शनिवारी संध्याकाळी खळ्याच्या कडेला आम्ही पोरांनी पोपटी लावली. पेंढा, गोवऱ्या आणि वर जांभळीचं एक जाडसर खोड. मडकं उतरवलं, शेंगा खाल्ल्या, हसलो-खिदळलो, आणि निघताना विस्तवावर माती लोटली. ती माती मीच लोटली होती. वडिलांनी ओट्यावरून विचारलं, "विझवलं का रे?" मी म्हटलं, "हो, माती टाकली." रात्र गेली, सकाळ गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास समुद्राकडचा वारा सुटला. कुणी तरी ओरडलं. पाहतो तर बांधावरचं वाळलं गवत धडधडत पेटलेलं, आणि आग गंजीच्या बुडाशी पोचलेली. पाऊण तासात दोन बैल आणि एका म्हशीची पावसाळ्यापर्यंतची वैरण गेली. गोठा गंजीला लागूनच होता. शेजारच्या काकांनी कोयत्याने दावं तोडून म्हैस बाहेर ओढली म्हणून ती वाचली. तिचा एक कान होरपळला तो शेवटपर्यंत तसाच राहिला. वडील मला एका शब्दाने बोलले नाहीत. त्या वर्षी पेंढा विकत घ्यावा लागला, आणि एक बैल वैशाखात विकावा लागला.

आता मंडळी, विचार करा. माती तर टाकली होती, मग आग आली कुठून? याचं उत्तर आपल्या आजीला विचारा. काडेपेटी जपून वापरायच्या काळात घरची बाई रात्री काय करायची? गोवरीचा निखारा राखेत पुरून ठेवायची. सकाळी राख बाजूला सारली, फुंकर घातली, की चूल पेटली. म्हणजे राखेत किंवा मातीत पुरणं ही विस्तव विझवायची रीत नव्हेच, ती विस्तव राखायची रीत आहे! मातीखाली हवा थोडी मिळते म्हणून निखारा भडकत नाही, पण मरतही नाही. धुमसत राहतो. गोवरी आणि जाड लाकूड तर फारच चिवट. वाऱ्याने वरची माती उडाली, कुत्र्याने उकरली, की झालं. समुद्रकिनाऱ्यावरही हेच होतं. गोराई, मनोरी, मढ, आक्साच्या वाळूत लोक विस्तव करतात आणि वर वाळू ओढून जातात. वाळू वरून थंड दिसते, खाली निखारे जिवंत असतात, आणि सकाळी अनवाणी पळणाऱ्या पोराचा पाय त्यात जातो.

तेव्हा विस्तव विझवायचा तो पाण्याने. आणि नुसता तांब्याभर शिंपडून नव्हे. आधी लाकडं सुटी करा, एकमेकांपासून दूर ओढा. मग बाजूला उभं राहून, वाफ तोंडावर येणार नाही अशा बेताने पाणी ओता. चर्र आवाज थांबला की फावड्याने राख ढवळा, तळापर्यंत. पुन्हा पाणी ओता, पुन्हा ढवळा. राखेचा चिखल झाला पाहिजे. मग हाताची पालथी बाजू राखेजवळ धरा. जराही धग लागली तर अजून एक बादली. धग नसेल तर बोटाने चाचपून पाहा. हात ठेवता आला की घरी जायला हरकत नाही. तापलेल्या दगडांवर मात्र एकदम पाणी मारू नका, ते कधी कधी तडकून उडतात. जाड खोड असेल तर ते बादलीत किंवा तळ्यात बुडवूनच काढा. आमचं जांभळीचं खोड बुडवलं असतं तर बैल विकावा लागला नसता.

विस्तव विझवायचा झाला. आता तो पेटवायचा कुठे आणि केव्हा, ते पाहू.

इथे मला राबाची आठवण होते. भाताच्या रोपासाठी राब भाजताना जुनी माणसं काय करायची? आधी चहूबाजूंनी पालापाचोळा ओढून जमीन उघडी करायची. आग एकदम वाऱ्याच्या तोंडी द्यायची नाही, वारा जिकडे जातो त्या टोकाकडून पेटवायची, म्हणजे ती वाऱ्याविरुद्ध हळूहळू सरकते. हातात ओल्या डहाळ्या घेऊन दोन-चार माणसं कडेला उभी. राब पूर्ण भाजेपर्यंत कुणी जागा सोडायचं नाही. एवढी शिस्त आपण कामाच्या आगीला पाळतो आणि मौजेच्या आगीला विसरतो. राब एकटा माणूस भाजायला जात नाही, पण पोपटी लावून सगळे क्रिकेट खेळायला जातात!

जागा निवडताना वर पाहा आणि खाली पाहा. खाली पालापाचोळा, गवत, पेंढ्याचं कोंड नको. फावड्याने दोन-अडीच वाव गोल जागा मातीपर्यंत खरवडून घ्या. वर विजेची तार नको, झाडाची खालची फांदी नको, आणि माडा-ताडाच्या वाळलेल्या झावळ्या तर मुळीच नकोत. मनोरी-गोराईकडे ताड पुष्कळ. त्याच्या लोंबत्या सुक्या झावळीला एक ठिणगी पुरते, आणि पेटलेली झावळी तुटून वाऱ्यावर कुठे पडेल याचा नेम नाही. गंजी, उडवी, गोठा, लाकडाचा ढीग यांपासून तीस-चाळीस पावलं तरी लांब राहा. तेही वाऱ्याच्या वरच्या अंगाला नको. पाड्यांवरच्या मंडळींना एक वेगळं सांगतो. तुमच्या घरांच्या कुडाला कारवी असते, वर पेंढा नाहीतर निळी प्लास्टिकची ताडपत्री. शेणाने लिंपलेला कूड थोडा वेळ तग धरतो, पण जिथे लिंपण पडून कारवी उघडी झाली आहे तिथे ती काडीसारखी पेटते. ताडपत्री वितळून जळते थेंबे-थेंबे खाली पडते आणि अंगाला चिकटते. अशा घराच्या पडवीत शेगडीवर भाजणं नको. अंगण ओलांडून पुढे मोकळ्यात या.

हुरड्याची आगटी पाहिली असेल तर त्यातलं शहाणपण ध्यानात घ्या. ती खड्ड्यात असते. खड्ड्यातल्या विस्तवाला वारा कमी लागतो, ठिणग्या कमी उडतात, आणि गोवरीची धग सारखी राहते. पोपटीचं मडकं जमिनीवर उपडं ठेवून भोवती जाळ करतात, त्यामुळे ती उघडी राहते. मग निदान वीतभर खोलगट करून त्यात मडकं बसवा आणि उकरलेल्या मातीचा बांध भोवती घाला. जाळासाठी नुसता पेंढा जाळू नका. पेंढा भडकतो, त्याची जळकी काडी हवेत उडते आणि तीच शेजारच्या उडवीवर जाऊन बसते. पेंढा पेटवणापुरता ठेवा, पुढचं काम गोवऱ्या आणि सुक्या फांद्यांवर सोपवा. अर्धा तास-पाऊण तास जाळ सारखा मिळाला की शेंगा शिजतात. मडक्यावर पाण्याचे चार थेंब मारून पाहतात ना, चुर्र करून उडाले की झालं, तेच करा. मडकं उतरवताना ओलं फडकं घेऊ नका. ओल्या फडक्यातून धग लगेच हाताला येते, वाफेने हात भाजतो. कोरडं जाड गोणपाट आणि दोन दांडके घ्या.

वाऱ्याचं गणित आपल्या किनाऱ्यावर सोपं आहे. हिवाळ्यात पहाटे आणि सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. सूर्य वर आला की दुपारी खारा वारा सुटतो, तो समुद्राकडून येतो आणि चांगला जोरात असतो. दिवेलागणीला तो पडतो, थोडा वेळ सगळं शांत असतं, मग रात्री पुन्हा जमिनीकडचा वारा. म्हणजे एका दिवसात वारा दोनदा दिशा बदलतो. चार वाजता गंजी वाऱ्याच्या आड आहे म्हणून निर्धास्त राहिलात, तर रात्री दहाला तीच गंजी वाऱ्याच्या तोंडी येते. म्हणून माझं सांगणं असं, की पोपटी दिवेलागणीला, वारा पडल्यावर लावा आणि आठ-साडेआठपर्यंत विझवून मोकळे व्हा. आणि वारा पडलाच नाही, झाडाच्या शेंड्यांची सळसळ चालूच आहे, असं दिसलं तर त्या दिवशी शेंगा घरात चुलीवर उकडा. चव थोडी कमी लागेल.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. जाळ लवकर व्हावा म्हणून घासलेट, पेट्रोल, रंगवाल्याचं थिनर यांतलं काहीही विस्तवावर ओतू नका. पेट्रोलची वाफ डोळ्यांना दिसत नाही. ती जमिनीलगत पसरते, आणि काडी ओढताच जाळ पसरलेल्या सगळ्या वाफेतून धावत डब्यापर्यंत, म्हणजे तुमच्या हातापर्यंत येतो. शहरातली पाहुणे मंडळी गाडीतून बाटली काढतात आणि "दोन मिनिटांत पेटतं" म्हणतात. त्यांना थांबवायचा हक्क जमिनीच्या मालकाचा आहे. तिथे भीड धरू नका. तसंच भोवती बसणाऱ्या बायका-मुलांच्या कपड्यांचं. नायलॉनची साडी, ओढणी, तकलादू जाकीट हे विस्तवाजवळ फार वाईट. ओढणी मागे घट्ट बांधा, पदर खोचा, सुती कपडे घाला. लहान मुलांसाठी जमिनीवर राखेची एक रेघ ओढून द्या आणि सांगा, ही ओलांडायची नाही.

जाळीच्या शेगडीवर कोंबडी-मटण भाजणाऱ्यांसाठी थोडंसं. चरबी निखाऱ्यावर ठिबकते आणि जाळ वर उसळतो. त्यावर पाणी मारू नका, जळतं तेल उडतं. मांस बाजूला काढा, झाकण ठेवा, नाहीतर ओंजळभर वाळू टाका. शेगडी सपाट जमिनीवर, विटांवर डळमळत नको. पाऊस आला किंवा थंडी वाजली म्हणून पेटती शेगडी खोलीत नेऊ नका. कोळशाच्या निखाऱ्यातून जो विषारी वायू निघतो त्याला वास नाही, रंग नाही. दार लावून झोपलेली माणसं त्याने सकाळी उठत नाहीत. धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही, अशी समजूत करून घेऊ नका.

मासळीला धुरी देण्याबद्दल काही मंडळी विचारतात. आपल्या किनाऱ्यावर बोंबील, सोडे, वाकट्या उन्हातच वाळवायची चाल आहे, आणि ऊन असताना धुरीच्या भानगडीत पडू नये हे माझं मत. पण अवकाळी ढग आले आणि कुणी पडवीत मासळी टांगून खाली धूर केलाच, तर दोन गोष्टी सांभाळा. पहिली म्हणजे धुरीचा विस्तव मंद असतो आणि तासन् तास चालतो, म्हणून माणूस कंटाळून उठून जातो, आणि मासळीचं तेल ठिबकून तेवढ्यात भडका होतो. तिथे बसायला पाळी लावून घ्या. दुसरी लाकडाची. आंबा, चिंच, नारळाची करवंटी ठीक. जुन्या होडीच्या फळ्या, ज्यांवर डांबर आणि रंगाचे थर चढलेले असतात, रंगीत दाराची मोडकी चौकट, प्लायवूड, हे मुळीच नाही. तो धूर खाण्यात उतरतो आणि छातीतही. कण्हेरीच्या काड्या तर मांस ओवायलासुद्धा घेऊ नका, ते झाड विषारी आहे.

आता कायद्याचं बोलू. पुष्कळांना वाटतं, आपली जमीन, आपलं लाकूड, कायद्याचा काय संबंध? तसं नाही. अंगणातली चूल घरापासून किती फुटांवर हवी हे कायद्यात मोजून दिलेलं नाही, हे खरं. पण विस्तव कसा हाताळला यावर कायद्याचा डोळा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ प्रमाणे, विस्तवाच्या बाबतीत दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असा हयगयीचा वागणूक-प्रकार घडला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यासाठी कुणी जळालंच पाहिजे असं नाही, धोका निर्माण झाला तरी पुरे. आणि मुद्दाम कुणाचं पीक किंवा गंजी पेटवली तर ते वेगळंच कलम, ३२६; तिथे शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते. गावातल्या भाऊबंदकीत जे कुणी काडी लावायची भाषा करतात त्यांनी हे ऐकून ठेवावं.

आपल्या उपनगरांची गोष्ट आणखी निराळी, कारण बोरिवली, गोरेगाव, भांडुप, मुलुंड या सगळ्यांच्या पाठीला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान टेकलेलं आहे. जवळजवळ १०३ चौरस किलोमीटरचं जंगल. पावसाळा संपला की तिथलं गवत आणि कारवी वाळून कोळ होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात कलम ३० आहे. अभयारण्याला आग लावणं, किंवा त्याला धोका होईल असा विस्तव पेटवणं, एवढंच नव्हे तर तसा विस्तव जळता सोडून जाणं, हे सगळं त्यात मना आहे, आणि राष्ट्रीय उद्यानालाही ते लागू होतं. राखीव वनासाठी १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाचं कलम २६ तेच सांगतं. शब्द नीट ऐका, "सोडून जाणं". पेटवला कुणी आणि सोडला कुणी, असा वाद घालून सुटका नाही. आरेतल्या मंडळींनी हेही लक्षात घ्यावं, की २०२१ साली आरेची ८१२ एकर जमीन राष्ट्रीय उद्यानाकडे, म्हणजे वनखात्याच्या ताब्यात गेली आहे. काल जिथे गवत कापायला जात होतो तिथे आज विस्तव करण्याआधी हद्द कुठून जाते ते वनरक्षकाला विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

३ डिसेंबर २०१८ च्या संध्याकाळी गोरेगाव पूर्वेला, फिल्मसिटीजवळच्या डोंगरावर वणवा लागला तो तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिला असेल. अग्निशमन दलाच्या गाड्या आल्या, पण डोंगराच्या वरच्या अंगाला गाडी चढत नाही. माणसांना पायी जाऊन रात्रभर आग झोडपावी लागली. जिथे बंब पोचत नाही तिथे आग लागू न देणं हाच बंब, असं मी म्हणतो.

कचऱ्याचा मुद्दा वेगळा. पोपटी झाल्यावर पत्रावळी, प्लास्टिकचे पेले, बाटल्या त्याच विस्तवात लोटून देण्याची वाईट सवय लागली आहे. उघड्यावर कचरा जाळणं गुन्हा आहे. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये सबंध देशासाठी ठरवून दिलं, की साध्या प्रकरणात पाच हजार आणि मोठ्या प्रमाणात जाळल्यास पंचवीस हजार रुपये भरपाई. मुंबई महानगरपालिकेनेही आपला दंड १ एप्रिल २०२५ पासून शंभरावरून हजार रुपये केला. पैशाचं सोडा, पण प्लास्टिकच्या धुरात भाजलेला वाल कोण खाणार? केळीची पानं घ्या, ती गुरं खातात.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही तर शनिवार-रविवारी शहरातल्या लोकांना पोपटीला जागा देतो, चार पैसे मिळतात. जरूर द्या. शेतीला जोडधंदा म्हणून मला ते बरंच वाटतं. पण पैसे घेऊन नियमित जेवण द्यायला लागलात की ते घरचं राहत नाही. मग १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३९४ खालचा परवाना आणि अन्नसुरक्षेची नोंदणी या गोष्टी येतात. वॉर्ड ऑफिसात जाऊन आधी चौकशी करा, नंतर हेलपाटे नकोत. शिवाय मुंबईत धंद्याच्या भट्ट्यांबद्दल हवा बदलते आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं, आणि महानगरपालिकेने तंदूर वापरणाऱ्या हॉटेलांना ८ जुलै २०२५ ची मुदत घालून नोटिसा काढल्या. ते आदेश बेकऱ्या-हॉटेलांसाठी होते, तुमच्या वर्षातून दोनदा लागणाऱ्या पोपटीसाठी नव्हते. तरी कोळशाचा कायमचा धंदा मांडायच्या आधी हे मनात असू द्या.

ज्यांची मुलं बोरिवली-कांदिवलीच्या उंच इमारतींत राहायला गेली आहेत त्यांनी मुलांनाही एक निरोप द्यावा. गच्चीवर किंवा गॅलरीत कोळशाची शेगडी लावायची नाही, आणि आग लागल्यावर आसरा घ्यायला म्हणून जो मजला मोकळा ठेवलेला असतो तिथे तर नाहीच. महाराष्ट्राचा २००६ चा आग प्रतिबंधक कायदा इमारतीची आगीविरुद्धची साधनं चालू ठेवण्याची जबाबदारी तिथल्या मालक-रहिवाशांवरच टाकतो. दर जानेवारी आणि जुलैत तसा दाखला द्यावा लागतो. एक निखारा काय करतो हे पाहायचं तर २९ डिसेंबर २०१७ ची रात्र आठवा. लोअर परळच्या कमला मिलमध्ये गच्चीवरच्या उपाहारगृहाला आग लागून १४ माणसं गेली, आणि हुक्क्याच्या निखाऱ्याची ठिणगी पडद्याला लागली असं अग्निशमन दलाच्या चौकशीत निघालं. केवढा असतो हो हुक्क्याचा निखारा? सुपारीएवढा.

पेटवायच्या आधीच तयारी ठेवायची ती अशी. पाण्याने भरलेल्या दोन बादल्या आणि एक पिंप, फावडं, एक ओलं गोणपाट, चार-पाच हिरव्या डहाळ्या. नळाला लांब रबरी नळी असेल तर ती जोडून ठेवा. आणि एक माणूस नेमा, जो त्या रात्री दारूला शिवणार नाही. विस्तवाची राखण त्याची. हे काम घरच्या मोठ्या माणसाने अंगावर घ्यावं. मला विचाराल तर आमच्याकडे ते मी करतो, पोरं कितीही हसली तरी.

आग हाताबाहेर जाते असं वाटलं तर आधी माणसं बाजूला, मग गुरांची दावी तोडा, मग आग. दावी सोडत बसू नका, तोडा. आणि त्याच वेळी एकाने फोन करायचा. अग्निशमन दल १०१, सगळ्या संकटांसाठी ११२, महानगरपालिकेचा आपत्ती कक्ष १९१६, जंगलाला आग असेल तर वनखात्याचा १९२६. फोनवर नुसतं "गोराईला आग लागली" म्हणू नका. कुठला पाडा, कुठल्या देवळाजवळ किंवा क्रूसाजवळ, गाडी कुठपर्यंत येते, हे सांगा. खाडीपलीकडच्या गोराई-मनोरीला बोरिवली-मालाडहून रस्त्याने यायचं तर भाईंदर-उत्तनवरून वळसा पडतो. म्हणून "आधी पाहू, मग फोन करू" हा हिशोब तिथे चालत नाही. एक पोरगा नाक्यावर बॅटरी घेऊन उभा करा आणि बोळातल्या दुचाक्या बाजूला घ्या.

कुणी भाजलंच, तर त्याला पळू देऊ नका. जमिनीवर आडवं पाडून लोळवा, सुती चादर नाहीतर घोंगडी टाकून जाळ दाबा. मग भाजलेल्या जागेवर साधं गार पाणी सोडा, चांगली वीस मिनिटं. बर्फ नको. तूप, हळद, टूथपेस्ट, शाई, बटाट्याचा कीस यांतलं काहीही नको. ते लावलेलं डॉक्टरांना पुन्हा खरवडून काढावं लागतं, आणि त्याच्या यातना पाहवत नाहीत. अंगठी, बांगड्या, पैंजण सूज चढायच्या आत काढा. कातडीला चिकटलेला कपडा ओढू नका, भोवतीने कापा. फोड फोडू नका. स्वच्छ सुती कापडाने सैल झाका आणि १०८ ला फोन करून दवाखान्यात न्या. चेहरा, हात, सांधे भाजले असतील किंवा लहान मूल असेल तर "थोडंच आहे" म्हणून घरी ठेवायचं नाही. मुलुंड-भांडुपकडच्यांना खाडीपूल ओलांडला की ऐरोलीचं नॅशनल बर्न्स सेंटर जवळ पडतं, ते ठाऊक असू द्या.

दर वर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह असतो. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले कितीतरी जवान कामी आले, त्यांच्या स्मरणाचा तो दिवस. त्या आठवड्यात अग्निशमन केंद्रांकडून प्रात्यक्षिकं होतात. तुमच्या ग्रामस्थ मंडळाने किंवा महिला मंडळाने जवळच्या केंद्राला अर्ज द्यावा आणि पाड्यावर एक प्रात्यक्षिक मागून घ्यावं. एप्रिल म्हणजे ऐन वणव्याचे दिवस, आणि राबाचेही. अर्ज फेब्रुवारीतच गेलेला बरा.